सवलती शहरात, व्याज मात्र गावात

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी नाका लागतो. येथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटतो. सकाळी या नाक्यावर घटकाभर उभे राहिले की आमच्या भागाचे सारे अर्थकारण डोळ्यांसमोरून सरकते. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेली तरुण मुले, वाड्याच्या बाजूला कारखान्यात जाणारे कामगार, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि कारकून, देवीच्या दर्शनाला आलेले भाविक आणि भाजीची टोपली पुढ्यात ठेवून बसलेल्या आदिवासी बाया. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या नाक्यावर पूर्वी जे प्रश्न विचारले जात ते ठरलेले असत : ठेव कोठे ठेवावी, सोने घ्यावे की जमीन, पतपेढी बुडणार तर नाही ना? गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘सर, क्रेडिट कार्ड कोणते घ्यावे?’

प्रश्न विचारणारा बहुधा नुकताच नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी असतो. पगार बँकेत जमा होऊ लागला की महिन्या-दोन महिन्यांत त्याला दूरध्वनी येऊ लागतात. पलीकडचा मधुर आवाज त्याला सांगतो की, आपली निवड झाली आहे. आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपली निवड केली याचा त्याला आनंद होतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु येथे निवड कोणी कोणाची करावयाची, हाच तर खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे.

पाण्यावाचूनचे बेट

एखाद्या लहानशा बेटावर राहणाऱ्या माणसाने क्रेडिट कार्ड कसे निवडावे? हा प्रश्न वरवर चमत्कारिक वाटेल, पण त्याचा विचार उद्बोधक आहे. बेटावर दुकाने मोजकी असतात. विमानतळ नसतो, मोठी हॉटेले नसतात, चित्रपटगृह नसते. तेव्हा कार्डाबरोबर येणाऱ्या सवलतींच्या लांबलचक यादीतील बहुतेक कलमे बेटवासीयाला निरुपयोगी ठरतात. पण कार्डाची वार्षिक वर्गणी त्याला महानगरातील माणसाइतकीच भरावी लागते आणि बाकी राहिली तर व्याजही त्याच दराने चढते. बेटावर राहतो म्हणून कोणी त्याला दरात सूट देत नाही.

अंबाडीला चारी बाजूंनी पाणी नाही. तरीसुद्धा क्रेडिट कार्डाच्या नकाशावर आमचा भाग एक बेटच आहे. विमानतळावरील विश्रामकक्षात फुकट प्रवेश, चित्रपटाच्या एका तिकिटावर दुसरे मोफत, ठरावीक उपाहारगृहांत बिलावर सूट, गोल्फच्या मैदानावर खेळण्याची संधी या गोष्टी ठाण्या-मुंबईच्या माणसालाही रोज लागत नाहीत. आमच्या शिक्षकाला आणि कारकुनाला त्या वर्षातून एकदाही लागत नाहीत. विरोधाभास असा की, ज्या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदीवर सूट मिळते म्हणून शहरातील लोक कार्ड घेतात, त्यांतील कितीतरी वस्तू आमच्याच तालुक्यातील गोदामांतून रवाना होतात. आमची मुले त्या वस्तू बांधतात, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात आणि संध्याकाळी अंबाडीला परततात. वस्तू आमच्या अंगणातून जातात, तिच्यावरची सवलत मात्र बाहेरगावी पोहोचते!

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका मोठ्या बाजारसंकुलात, पंख्याच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या एका तरुणाच्या आग्रहावरून मी स्वतःच असे एक कार्ड घेतले. पहिले वर्ष विनामूल्य होते. दुसऱ्या वर्षी दोन हजार रुपये वर्गणी आणि तिच्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर मिळून २,३६० रुपये माझ्या बिलात आले. त्या दोन वर्षांत मी विमानतळावर एकदाच गेलो होतो, तेही पुतण्याला निरोप द्यायला आणि तेही दाराबाहेरपर्यंतच. जमलेले बक्षीसगुण वापरावयाचे राहून गेले आणि मुदत संपून रद्द झाले. वर्गात संधिव्यय शिकविणाऱ्या माणसाने आपल्या खिशातील कार्डाचा खर्च मोजला नव्हता. वाचकांना उपदेश करण्यापूर्वी ही गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो.

एका लहान शहरावरील प्रयोग

क्रेडिट कार्डाचा आणि आडबाजूच्या गावांचा संबंध आजचा नाही. आज ज्या प्रकारचे कार्ड जगभर चालते, त्याचा जन्मच मुळी एका आडबाजूच्या शहरात झाला. ‘डायनर्स क्लब’ हे कार्ड न्यूयॉर्कमध्ये १९५० साली निघाले होते, पण ते मुख्यतः हॉटेलांत जेवणाऱ्या प्रवासी व्यापाऱ्यांसाठी होते आणि त्याचे बिल महिनाअखेर पूर्ण चुकवावे लागे. थोडे आज भरा, उरलेले व्याजासह पुढे भरा, अशी सोय सामान्य कुटुंबांच्या हाती मोठ्या प्रमाणावर दिली ती १९५८ च्या सप्टेंबरात ‘बँक ऑफ अमेरिके’ने. त्यासाठी तिने कॅलिफोर्नियाच्या अंतर्भागातील फ्रेस्नो हे शहर निवडले. ते मोठ्या शहरांपासून दूर होते. प्रयोग फसलाच तर बोभाटा फार दूर जाऊ नये, हाही त्या निवडीमागचा एक विचार होता. तेथील सुमारे ६०,००० लोकांना, त्यांनी मागितलेले नसताना, टपालाने कार्डे पाठविण्यात आली.

पुढे काय झाले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. चारएक टक्के खातेदार पैसे थकवतील, असा बँकेचा अंदाज होता. कार्डाचा प्रसार इतरत्र होऊ लागल्यावर ते प्रमाण २२ टक्क्यांवर गेले. न मागता हाती आलेली पत माणूस कशी वापरतो, याचा हा पहिला मोठा धडा होय. अमेरिकेने १९७० साली कायदा करून अशी बिनमागणीची कार्डे पाठविण्यास बंदी घातली. पण धडा केवळ ग्राहकांनीच घेतला असे नाही. थकबाकी मर्यादेत ठेवून बाकी मात्र रेंगाळत ठेवणारा ग्राहक हाच या धंद्याचा आधार आहे, हे कार्ड काढणाऱ्यांनाही हळूहळू उमगले.

आपल्याकडे ‘डायनर्स क्लब’ १९६१ मध्ये आले. सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले, तेव्हा बँकेच्या क्रेडिट कार्डाचे युग येथे सुरू झाले असे म्हणता येईल. पुढील कित्येक वर्षे हे कार्ड म्हणजे बड्या पगारदारांच्या पाकिटातील प्रतिष्ठेची वस्तू होती. २०२४ मध्ये देशातील क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. प्रतिष्ठेची वस्तू आता नाक्यावर येऊन पोहोचली आहे.

वाण्याची वही आणि बँकेचे कार्ड

उधारी आम्हाला नवी नाही. वाणसामानाच्या दुकानात प्रत्येक घराची एक वही असे, कित्येक ठिकाणी आजही आहे. महिनाभर सामान न्यावे, पगाराच्या दिवशी वही चुकती करावी. विचार केला तर हेही एक क्रेडिट कार्डच होते आणि त्याला वर्गणी नव्हती. वहीचे दोषही होते. उधारीवर नेणाऱ्याला भाव चढा पडे आणि घासाघीस करण्याचे तोंड राहत नसे. पण वहीत एक अंगभूत लगाम होता. ती लिहिणारा माणूस तुम्हाला रोज पाहत असे. तुमचा पगार किती, घरात आजारपण आहे काय, कारखाना बंद पडला काय, हे त्याला ठाऊक असे. बाकी वाढू लागली की तो हात आखडता घेई, कारण तुमची बुडीत उधारी त्याच्याच मुळावर येणार होती.

कार्डावर खर्चाची मर्यादा ठरविणारा मात्र तुम्हाला कधीच पाहत नाही. तो तुमच्या जुन्या परतफेडीची नोंद पाहतो, पगाराचा आकडा पाहतो आणि एक रक्कम ठरवितो. ती रक्कम तुमच्या मासिक पगाराच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते. आमच्या अनेक विद्यार्थ्यांचा येथे मूलभूत गोंधळ होतो. मर्यादा म्हणजे आपल्याला परवडणारा खर्च, असे ते समजतात. वस्तुतः ती आपल्याला किती कर्ज देण्यात बँकेची तयारी आहे, एवढेच सांगते. परवडण्याचा हिशेब आपला आपणच करावा लागतो, कारण वाण्याची नजर येथे नाही.

आणखी एका कर्जाची आठवण या भागात राहून विसरता येत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या शेतावर राबावयाचे. पैसे मात्र फिटत नसत. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूकडे गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्याच्या मुळाशी ही वेठ होती. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. त्या गुलामगिरीची आणि आजच्या कार्डाची तुलना करणे हा त्या माणसांच्या यातनांचा अपमान ठरेल, म्हणून ती मी करीत नाही. पण त्यातून एक साधी गोष्ट शिकण्यासारखी आहे. कर्ज घातक ठरते ते त्याच्या आकारामुळे तितके नव्हे; दरमहा फेडूनही ते कमी होत नाही, तेव्हा ते घातक ठरते.

‘बाकी कमी का होत नाही?’

मागच्या वर्षी एका संध्याकाळी एक परिचित लिपिक घरी आले. हातात बिलांची चळत. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी कार्डावर चाळीस हजार रुपये खर्च केले होते. ‘सर, बिलावर जी किमान रक्कम लिहिलेली असते ती मी दर महिन्याला तारखेच्या आत भरतो. एकदाही चुकलो नाही. कार्डावर दुसरी खरेदीही केली नाही. मग बाकी कमी का होत नाही?’

आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. तो येथे सविस्तर देतो, कारण वर्तमानपत्राच्या जाहिरातीत तो कधी सापडत नाही. व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के. चाळीस हजारांवर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. एकूण १,६५२. म्हणजे बाकी झाली ४१,६५२ रुपये. किमान देय रक्कम तिच्या पाच टक्के, म्हणजे २,०८३ रुपये. त्यांनी ती इमानेइतबारे भरली, पण त्यातील १,६५२ रुपये व्याज आणि करातच गेले. मूळ कर्जातून वजा झाले अवघे ४३१ रुपये. असे बारा महिने चालले तर वर्षभरात सुमारे २३,५०० रुपये भरूनही कर्ज चाळीस हजारांवरून फक्त ३५,१०० पर्यंत उतरते. याच चालीने ते निम्म्यावर यायला ६४ महिने, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ लागतो.

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवू. हेच चाळीस हजार रुपये त्यांनी पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेतून वार्षिक बारा टक्के दराने, चोवीस महिन्यांच्या हप्त्यांवर घेतले असते, तर हप्ता पडला असता सुमारे १,८८३ रुपये. कार्डाच्या सुरुवातीच्या किमान रकमेपेक्षा दोनशे रुपयांनी कमी. दोन वर्षांनी कर्ज संपूर्ण फिटले असते आणि एकंदर व्याज गेले असते सव्वापाच हजारांच्या आत. कार्डावर मात्र दोन वर्षांनंतरही जवळजवळ ३१,००० रुपये बाकी राहतात. लिपिक महाशय बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी वेळेवर भरत होतो, पण भरत नव्हतोच की!’ किमान देय रकमेची याहून अचूक व्याख्या मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही.

पुढे त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून कार्डाची बाकी एकरकमी चुकती केली. अशा अडचणीत सापडलेल्या प्रत्येकाला मी हाच मार्ग सुचवीन : महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडावे आणि ते फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवावे.

सावकाराला मर्यादा, कार्डाला नाही

साडेतीन टक्के हा आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा आहे. वर्षाचे साधे गणित केले तर तो ४२ टक्के होतो, आणि कर धरला तर ४९ टक्क्यांच्याही वर जातो. महाराष्ट्राला सावकारीचा इतिहास परिचित आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारांत कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा हे त्याच परंपरेतले. या नव्या कायद्याखाली राज्य सरकारने परवानाधारक सावकारासाठी व्याजाचे कमाल दर ठरवून दिले. शेतकरी नसलेल्या ऋणकोला तारणावाचून कर्ज दिले तर वार्षिक १८ टक्के, ही त्यातील सर्वांत वरची मर्यादा. बँका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. परिणाम असा की, ज्याच्या नावाने आपण बोटे मोडतो त्या सावकाराने अठरा टक्क्यांवर व्याज घेतले तर तो गुन्हेगार ठरतो. आणि शहरातील सुशिक्षित संस्थेने बेचाळीस टक्के घेतले तर तो करार ठरतो.

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये असा निर्णय दिला होता की, कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनंतर, २० डिसेंबर २०२४ रोजी, न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. दर ठरविणे हे आयोगाचे क्षेत्र नव्हे, ते रिझर्व्ह बँकेचे, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. त्यावर भाष्य करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्यामुळे तीस टक्क्यांची ती भिंत उरली नाही आणि ग्राहकाचा सावधपणा हीच त्याची पहिली संरक्षक फळी ठरली, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रात्री अपरात्री रुग्णालयात अनामत भरावयाची वेळ आली, तर पतसंस्थेचे दार बंद असते. अशा वेळी कार्ड उपयोगी पडते, आणि ते नसलेला माणूस बिनपरवाना सावकाराच्या दाराशी जातो. त्या सावकाराचा दर कोणत्याही कागदावर नसतो. म्हणून ‘कार्ड घेऊच नका’ असे मी म्हणणार नाही. जे मिळविण्यासाठी आमच्या वडिलांच्या पिढीला दोन जामीनदार शोधावे लागत, ती पत आज शिक्षकाला, कारकुनाला सन्मानाने मिळते, ही गोष्ट लहान नाही. प्रश्न ती जपून कशी वापरावी हा आहे.

मग निवडावे कोणते?

बेटावरच्या माणसाने प्रथम आपल्या बेटाची पाहणी करावी. गेल्या तीन महिन्यांत आपण पैसे कोठे खर्च केले, याची यादी करावी. आमच्या भागातील नोकरदाराच्या यादीत बहुधा वाणसामान, विजेचे बिल, मोबाइलचे शुल्क, पेट्रोल, औषधे, मुलांची फी आणि अधूनमधून एखादी ऑनलाइन खरेदी एवढ्याच गोष्टी निघतील. कार्डाची जी सवलत या यादीतील कोणत्याही ओळीला लागू पडत नाही, ती आपल्यासाठी नाही असे समजून खोडून टाकावी. बहुतेक जाहिरातपत्रे या एका कसोटीने अर्ध्याहून अधिक कोरी होतात.

दुसरी कसोटी वर्गणीची. महिन्याला दहा हजार रुपये कार्डावर खर्च करणाऱ्याला एक टक्का रोख परतावा मिळाला तर वर्षाचे बाराशे रुपये होतात. पाचशे रुपये वर्गणी आणि तिच्यावरील कर मिळून ५९० रुपये त्यातून गेले की हाती उरतात सहाशेच्या आसपास. म्हणून लहान खर्चाच्या माणसाने कायमची विनावर्गणी कार्डेच पाहावीत आणि ‘पहिले वर्ष मोफत’ या शब्दांत दुसऱ्या वर्षाचे बिल दडलेले आहे हे ओळखावे. बक्षीसगुणांपेक्षा रोख परतावा बरा, कारण त्याची मुदत सहसा टळत नाही आणि नको असलेली सुटकेस घेऊन तो संपवावा लागत नाही. शिवाय एक प्रमाण नेहमी लक्षात ठेवावे : वर दिलेल्या हिशेबात चाळीस हजारांच्या बाकीचे एका महिन्याचे व्याज आणि कर १,६५२ रुपये झाले. वर्षभराचा बाराशेचा परतावा त्यात एकाच महिन्यात वाहून जातो. तात्पर्य, ज्याला बिल दरमहा पूर्ण भरता येणार नाही, त्याच्यासाठी कोणतेच कार्ड फायद्याचे नाही.

तिसरी कसोटी आमच्यासारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाची. अंबाडीसारख्या बाजारात कार्ड घासण्याचे यंत्र मोजक्या दुकानांत असते, पण क्यूआर संकेताचा कागद चहाच्या टपरीवरही चिकटवलेला असतो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून अशा संकेतावर पैसे देण्याची सोय झाली. लहान दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडू नये, अशीही तरतूद त्याच वर्षी करण्यात आली. तेव्हा लहान गावातील माणसाने रुपेचे कार्ड घेणे सोयीचे. मात्र दुकानदाराने वैयक्तिक खात्याचाच संकेत लावला असेल तर तेथे क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. तो व्यापारी म्हणून नोंदलेला असावा लागतो. नेहमीच्या चार दुकानांत आधी विचारून घ्यावे. आणि या सोयीतील धोकाही ओळखावा. पूर्वी चहाचे पैसे खात्यातून जात, तेव्हा शिल्लक कमी झालेली दिसे. आता ते उधारीवर जातात आणि शिल्लक आहे तशीच दिसत राहते.

चौथी गोष्ट तारखांची. बिल निघण्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत मिळते, तर आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला वीसएक दिवसांची. पगार झाल्यानंतर चार-पाच दिवसांनी भरण्याची तारीख येईल, अशी बिलाची तारीख मागून घ्यावी. ती बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ग्राहकाला दिला आहे. बिलाची संपूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हावी अशी सूचना बँकेला द्यावी. ‘किमान’ नव्हे, ‘संपूर्ण’ या शब्दावर खूण करावी. मागील बिलातील काही बाकी राहिली तर नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कार्डावर रोख रक्कम तर काढूच नये. तिला बिनव्याजी मुदत नाहीच, वर शुल्कही पडते.

ज्यांचा पगार अद्याप सुरू झालेला नाही किंवा फार लहान आहे, त्यांनी मुदत ठेवीच्या तारणावर मिळणाऱ्या कार्डाचा विचार करावा. ठेवीवर व्याज मिळत राहते, खर्चाची मर्यादा ठेवीच्या आतच राहते आणि वेळेवर परतफेडीची नोंद तयार होत जाते. ही नोंद पुढे घराच्या कर्जाच्या वेळी उपयोगी पडते. आणि शेवटची कसोटी अगदी गावठी आहे : ज्या बँकेच्या शाखेत आपण एका दिवसाची रजा न काढता जाऊन येऊ शकतो, तिचेच कार्ड घ्यावे. तक्रारीच्या वेळी यंत्राच्या आवाजाशी बोलत बसण्यापेक्षा समोर माणूस असलेला बरा.

हक्क माहीत असावेत

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले. त्यांतील काही तरतुदी प्रत्येक कार्डधारकाने पाठ कराव्यात अशा आहेत. मागितल्याशिवाय कार्ड देता येत नाही. फ्रेस्नोचा धडा आपल्या नियमांतही आला आहे. संमतीशिवाय खर्चाची मर्यादा वाढविता येत नाही. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे निरसन केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माझे ते वर्गणीचे कार्ड मी असाच अर्ज करून बंद केले.

तरीही एक उणीव राहते. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड महिनोन्‌महिने लांबते, असा इशारा बिलावर छापण्याचे बंधन आपल्याकडे आहे. पण तो सर्वांना एकच, ठोकळेबाज वाक्यातला इशारा आहे. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथे प्रत्येक ग्राहकाच्या बिलावर, त्याच्याच बाकीवरून हिशेब करून, किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल आणि तीन वर्षांत फेडावयाचे तर दरमहा किती भरावे लागेल, हे आकडे द्यावे लागतात. आपल्याकडे यंत्रे तीच आहेत, गणितही तेच आहे. मग अंबाडीच्या लिपिकाच्या बिलावर, मराठीत, ‘या चालीने आपले कर्ज निम्मे व्हायला ६४ महिने लागतील’ हे एक वाक्य छापायला अडचण कोणती? ते वाक्य पहिल्या महिन्यात वाचायला मिळाले असते तर त्यांना माझ्या घरी येण्याची गरज पडली नसती.

नियम होईपर्यंत हे काम शिक्षकांना करता येण्याजोगे आहे. चक्रवाढ व्याज आपण शाळेत शिकवितो, पण उदाहरणे अजून काल्पनिक रामराव आणि शामरावांची असतात. त्याऐवजी एखादे खरे बिल, नाव-क्रमांक झाकून, फळ्यावर मांडावे. वर्गातील निम्मी मुले तीन-चार वर्षांत नोकरीला लागणार आहेत आणि त्यांना दूरध्वनी येणार आहेत. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात ४३१ रुपयांचा तो आकडा असला तर पुष्कळ झाले.

नाक्यावर प्रश्न विचारणाऱ्या माजी विद्यार्थ्याला मी आता एकच उलट प्रश्न विचारतो : ‘पुढच्या महिन्याचे बिल पूर्ण भरण्याइतके पैसे आज तुझ्या बचत खात्यात आहेत काय?’ ‘आहेत’ म्हणाला तर विनावर्गणीचे, साधे, रुपेचे कार्ड घे म्हणून सांगतो. ‘नाहीत’ म्हणाला तर आधी तेवढी शिल्लक जमव, कार्ड कोठे पळून जात नाही, असे सांगतो. काही जण हिरमुसतात. पण त्यांतला एक परवा मुद्दाम एस. टी. च्या थांब्यावर भेटायला आला आणि म्हणाला, ‘सर, सहा महिने झाले, शिल्लक जमली. आता कार्ड घ्यावे की नको, असाच प्रश्न पडलाय.’ मी त्याला म्हटले, ‘आता घे. आता तुला त्याची गरज नाही, म्हणजे ते तुला बाधणार नाही.’